गुटखा अन्न ठरला तेव्हा

महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर दोनदा बंदी घातली. पहिली १ ऑगस्ट २००२ पासून लागू झाली आणि दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयात कोसळली. दुसरी जुलै २०१२ मध्ये आली आणि न्यायालयांच्या पायऱ्या चढूनही टिकली. मधल्या दहा वर्षांत गुटखा बदलला नव्हता, त्याने होणारा कर्करोगही तोच होता आणि त्याबद्दलचे शास्त्रीय ज्ञान २००२ मध्येही पुरेसे होते. बदलला तो कायद्यातला आधार, आणि तो आधार सरकारच्या हाती असताना त्याचा वापर करायला भाग पाडणारी माणसे. त्यांत कर्करोग शल्यविशारद होते, साथरोगतज्ज्ञ होते, वकील होते, शाळकरी मुले होती आणि जबडा किंवा स्वरयंत्र गमावलेले रुग्णही होते.

या लढ्याची पूर्वतयारी मुंबईत फार आधी झाली होती. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे कितीतरी अधिक आहेत, हे तिथल्या डॉक्टरांना रोजच्या बाह्यरुग्ण विभागातच दिसत होते. मात्र रुग्णालयात आलेले रुग्ण मोजून समाजातले प्रमाण कळत नाही. ते काम इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पुढाकाराने १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीने हाती घेतले. दुसरीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भौतिकशास्त्रासाठी नावाजलेल्या संस्थेत, दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली या विभागाची माणसे खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासत. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची त्यांनी केलेली तपासणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढ्या मोठ्या संख्येने घरोघरी जाऊन केलेली तोंडाची तपासणी जगातही विरळाच होती.

याच गटाचे पुढचे काम धोरणबदलासाठी पाठपुरावा करणाऱ्यांच्या अधिक उपयोगी पडले. केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातमधील भावनगर या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजारांहून अधिक लोकांना तंबाखू सोडण्यासाठी समजावले गेले आणि दर वर्षी त्यांची तोंडे पुन्हा तपासली गेली. वर्तनशास्त्रज्ञ मीरा आगी यांनी लोकांशी काय आणि कसे बोलायचे याची आखणी केली, तर आकडेवारीची बाजू डॉ. प्रकाश गुप्ता यांनी सांभाळली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांचा मथितार्थ साधा होता: समजावले तर लोक तंबाखू सोडतात किंवा कमी करतात, आणि सोडल्यावर कर्करोगाच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे कमी होतात. ‘लोक ऐकतच नाहीत’ ही सरकारी सबब या अभ्यासाने निकाली काढली. त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू घातलेले विड्याचे पान कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले होते. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, हा तिचा निर्णय २००४ मध्ये आला.

संशोधक मशेरी, विडी आणि पानाच्या मागावर असताना बाजारात एक नवा जिन्नस शिरला होता. सत्तरच्या दशकात कानपूरहून आलेला पान मसाला सुरुवातीला डब्यात मिळे. मग ऐंशीच्या दशकात छोट्या पुड्या आल्या आणि त्याच पुडीत सुपारी, चुना, कात, सुगंधी द्रव्ये यांच्याबरोबर तंबाखू मिसळला की गुटखा तयार झाला. पान लावून द्यायला पानवाला लागतो, पान सुकते, खिशात राहत नाही. पुडीला यातली कुठलीच अडचण नव्हती. टपऱ्यांवर तिच्या माळा लटकू लागल्या, शाळेच्या कोपऱ्यावरही लटकल्या. दूरदर्शनवर अशोक कुमार आणि शम्मी कपूर लग्नाच्या बोलणीत पान मसाल्याची शिफारस करत होते. तंबाखूची जाहिरात अडचणीची झाली तरी त्याच नावाच्या पान मसाल्याची करता येत होती. महाराष्ट्र या धंद्याचे केवळ गिऱ्हाईक नव्हता. पुणे आणि कोल्हापूर परिसरात त्याचे मोठे कारखानदार होते. म्हणून इथली बंदी ही घरच्याच उद्योगाविरुद्धची बंदी होती.

काही वर्षांतच डॉक्टरांकडे येणाऱ्या रुग्णांचे वय खाली आले. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर ताठर होते, गालात दोऱ्यांसारखे पट्टे येतात आणि जबडा उघडेनासा होतो. तोंडात तीन बोटे उभी मावत नाहीत, तिखट लागले की आग होते. या विकाराने पुढे अनेकांत कर्करोगाचे रूप घेतले. पूर्वी हे चित्र मोठ्या वयाच्या माणसांत दिसे, आता ते विशी-तिशीतल्या तरुणांत दिसू लागले. कायदा मात्र सिगारेटपाशीच थांबलेला होता. १९७५ च्या सिगारेट कायद्याने पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक केले. विडी, जर्दा, गुटखा त्यात नव्हते.

राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन कायदा करून घेण्याचा पहिला ठळक प्रयत्न महाराष्ट्राच्या शेजारी, गोव्यात झाला. तिथले शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखू निर्मूलनासाठी राष्ट्रीय संघटना उभारली आणि राज्याच्या आमदारांकडे पाठपुरावा केला. गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकणे यांना प्रतिबंध करणारा कायदा केला. थुंकण्याचा समावेश हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हता, कारण चघळायच्या तंबाखूवर थेट हात टाकण्याचा अधिकार नसताना त्याच्या सर्वांत दिसणाऱ्या परिणामाला कायद्यात आणणे ही धोरणी चाल होती. वैद्यांचे काम पुढे डॉ. शेखर साळकर यांनी चालवले. २००५ मध्ये गोव्याने आपल्याच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली. छोटे राज्य, ओळखीचे आमदार आणि एकच चिकाटीची संघटना, हे समीकरण मोठ्या राज्यांना जमण्यासारखे नव्हते.

इतरत्र न्यायालयाची वाट धरली गेली. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एका प्राध्यापिकेच्या अर्जावर सार्वजनिक धूम्रपानाला मनाई केली. मुंबईतून खासदार राहिलेले मुरली देवरा यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने धूरमुक्त ठेवण्याचा आदेश दिला. संसदेत कायदे केलेल्यानेच कायद्यासाठी न्यायालयात जावे, यातली विसंगती तेव्हाही अनेकांच्या ध्यानात आली होती.

महाराष्ट्राची पहिली बंदी याच लाटेतली. २३ जुलै २००२ च्या अधिसूचनेने राज्याच्या अन्न (आरोग्य) प्राधिकाऱ्याने गुटखा आणि पान मसाला यांच्या उत्पादन, साठा आणि विक्रीला पाच वर्षांसाठी मनाई केली. आधार होता १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंध कायद्याच्या सातव्या कलमाचा. सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या खाद्यपदार्थाची विक्री तूर्त थांबवण्याचा उल्लेख त्या कलमात होता. दूषित मिठाई किंवा साथीच्या काळातला उघडा बर्फ थांबवण्यासाठी असलेल्या तरतुदीवर हजारो कोटींचा धंदा बंद करण्याचा भार टाकला गेला. कारखानदार न्यायालयात गेले.

२ ऑगस्ट २००४ रोजी गोदावत पान मसाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. राज्याच्या प्राधिकाऱ्याचा अधिकार स्थानिक आणीबाणीपुरता व तात्पुरता आहे, पाच वर्षांची बंदी त्यात बसत नाही. आरोग्याला घातक पदार्थावर सरसकट बंदी हा धोरणाचा विषय असून तो केंद्राने नियम करून हाताळावा. शिवाय २००३ मध्ये संसदेने तंबाखूसाठी स्वतंत्र कायदा केलेला असल्याने त्या बाबतीत तोच वरचढ ठरतो, असा निर्णयाचा आशय होता. जाहिरातबंदी, अल्पवयीनांना विक्रीबंदी, शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांत विक्रीबंदी अशा तरतुदी त्या २००३ च्या कायद्यात होत्या, पण त्याने विक्री थांबवली नव्हती, तिचे नियमन केले होते. तंबाखूविरोधी कार्यकर्ते ज्या कायद्याची वाट पाहत होते, तोच बंदीच्या आड आला.

त्याच निकालात एक वाक्य मात्र पुढे सोन्याचे ठरले. गुटखा, पान मसाला आणि सुपारी चवीसाठी व पोषणासाठी खाल्ले जात असल्याने ते कायद्याच्या व्याख्येतले अन्नच आहे, असे न्यायालयाने म्हटले. यामागे महाराष्ट्रातूनच गेलेला जुना निकाल होता: सुगंधी सुपारीत बंदी असलेली कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये घालणाऱ्या विक्रेत्याच्या खटल्यात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुपारी हे अन्न असल्याचे ठरवले होते. २००४ मध्ये बंदीच हरल्यामुळे या वाक्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आरोग्यहक्काच्या वकिलांनी ते जपून ठेवले.

पुढची पाच-सहा वर्षे बाहेरून शांत वाटतात, पण लढ्याची रीत याच काळात बदलली. टाटा रुग्णालयात डोके व मानेच्या कर्करोगाचे शल्यविशारद असलेले डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ ही मोहीम सुरू केली. तोवर मंत्र्यांना भेटायला तज्ज्ञ जात आणि सोबत आलेख नेत. उद्योगाचे प्रतिनिधीही आलेख नेत: महसूल, रोजगार, शेतकरी. दोन आलेखांत मंत्री सहसा महसुलाचा निवडतो. मोहिमेने रुग्णांना पुढे केले. अर्धा जबडा काढून पायाच्या हाडाने पुन्हा बांधलेला तरुण, जीभ गेलेला शिक्षक, घशातल्या छिद्रावर बोट दाबून एकेक शब्द काढणारा माणूस अशी माणसे मुख्यमंत्र्यांच्या, खासदारांच्या भेटीला जाऊ लागली. प्रत्येक राज्यात एखादा शल्यविशारद त्यांच्यासोबत असे. स्थानिक आमदाराला ज्याच्याकडे आपल्या मतदारांना पाठवावे लागते, असाच डॉक्टर निवडण्याकडे कल होता. राज्यकर्त्यांच्या दारात वैद्यकीय प्रतिष्ठा आणि रुग्णाचे शरीर ही दोन साधने एकत्र आणणे, हे या मोहिमेचे खरे कसब होते.

यावर टीका करायला जागा होती आणि आहे. रुग्णाच्या व्यंगाचे प्रदर्शन मांडून धोरण बदलणे योग्य का, हा प्रश्न गैरलागू नाही. पण यातले बरेच रुग्ण उपचारानंतर आपणहून बोलायला तयार झाले होते, ही गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. भुसावळचा तरुण रुग्ण मुकेश हराणे २००९ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. त्याचे चित्रीकरण पुढे ऑक्टोबर २०१२ पासून देशभरच्या चित्रपटगृहांत दाखवले गेले आणि त्याचे नाव पडद्यावरच्या नायकांइतके ओळखीचे झाले.

मुंबईत २००२ पासून काम करणाऱ्या सलाम बॉम्बे फाउंडेशनने दुसरे टोक पकडले. पालिका शाळांतील मुलांना तंबाखूबद्दल शिकवणे, शाळेच्या आसपासच्या टपऱ्यांबद्दल तक्रार करायला लावणे आणि मुलांनाच पुढाऱ्यांसमोर उभे करणे, ही त्यांची पद्धत होती. मुलांना नकार देणे राजकारण्याला अवघड जाते. दरम्यान आकडेही हाती आले. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या २००९–१० च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे दिसले. त्यांतले बहुसंख्य तो ओढत नव्हते, चघळत होते. धूम्रपान करणारे अवघे ६.६ टक्के होते. सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून आखलेले सगळे धोरण या राज्यात चुकीच्या दिशेला नेम धरून होते, हे या एका तक्त्याने दाखवले.

पहिला धक्का अनपेक्षित बाजूने बसला. राजस्थानातील दमा रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रकरणातून गुटख्याचा विषय सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने गुटखा प्लास्टिकच्या पुड्यांत विकायला मार्च २०११ पासून मनाई केली आणि गुटख्यात नेमके काय असते याचा अहवाल केंद्राकडे मागितला. फेब्रुवारी २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत ही मनाई आली. पुड्या कागदी झाल्या, धंदा काही दिवस अडखळला आणि पुन्हा रुळावर आला. मात्र न्यायालयाने मागवलेल्या अहवालामुळे गुटख्याचे दुष्परिणाम केंद्र सरकारच्याच कागदावर नोंदले गेले.

खरा बदल २०११ च्या ऑगस्टमध्ये, कोणताही गाजावाजा न होता झाला. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ खाली केलेल्या विक्रीनिर्बंधांच्या नियमावलीत २.३.४ क्रमांकाचा एक लहान नियम होता: कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरू नये. या नियमात गुटख्याचे नावही नव्हते. पण गुटखा अन्न आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच म्हटले होते. दोन वाक्ये शेजारी ठेवली की निष्कर्ष आपोआप निघत होता. केंद्राने नियम करावा ही न्यायालयाची अपेक्षाही पूर्ण झाली होती. नव्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्ताला सार्वजनिक आरोग्यासाठी एका वर्षापर्यंत बंदी घालण्याचा स्पष्ट अधिकार दिला होता. २००२ च्या बंदीत ज्या ज्या भेगा होत्या, त्या बुजलेल्या होत्या.

नियम असणे आणि तो वापरला जाणे यांत अंतर असते, आणि चळवळीचे श्रेय मुख्यतः या अंतरात आहे. राज्याराज्यांत डॉक्टर आणि कार्यकर्ते या एका ओळीचा नियम घेऊन अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना भेटले. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून बंदी लागू केली, मे महिन्यात केरळ आणि बिहार आले आणि जुलैमध्ये महाराष्ट्र. तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते आणि अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे. महाराष्ट्राचा आदेश अनेक राज्यांपेक्षा रुंद होता: त्याने तंबाखू नसलेला पान मसालाही बंद केला. उद्योग पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात गेला. या वेळी त्याचा युक्तिवाद असा की गुटखा हे अन्न नव्हे, तो तंबाखू कायद्याखाली येतो. वर्षानुवर्षे अन्नपदार्थाच्या परवान्यांवर चाललेल्या धंद्याने असे म्हणावे, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत करमणुकीचा प्रसंग. सप्टेंबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती नाकारली. तेव्हापासून दर वर्षी नवा आदेश काढून बंदी वाढवली जाते. एक वर्षाची मुदत ही कायद्याची अट आहे. त्यामुळे कार्यकर्त्यांना पाठपुराव्याची तारीख मिळाली आणि उद्योगाला दर वर्षी नवी आशा.

बंदीनंतर बाजाराने आपली सोय केली. पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकाच टपरीवर; ग्राहक तोंडात मिसळतो. २०१३ मध्ये महाराष्ट्राने सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्रा यांनाही बंदीत घेतले. चोरटी वाहतूक थांबवणे आणखी अवघड होते, कारण अन्न व औषध प्रशासनाकडे निरीक्षक मोजके आणि राज्याच्या सीमा लांब. पोलिसांनी भारतीय दंड संहितेखाली गुन्हे दाखल करायला सुरुवात केली, तर अन्नसुरक्षा कायदा असताना ते करता येणार नाही असे उच्च न्यायालयाने म्हटले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले आणि दोन्ही कायद्यांखाली कारवाईची मुभा दिली.

गुटख्यावरून लढाई पुढे पाकिटावरच्या चित्रांकडे सरकली. २००९ च्या मे अखेरीस आलेली पहिली चित्रे अगदीच मवाळ होती. चघळायच्या तंबाखूवर विंचू छापला होता, आणि त्याचा कर्करोगाशी संबंध ग्राहकाने स्वतःच लावायचा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापण्याची अधिसूचना काढली. १ एप्रिल २०१५ पासून ती लागू व्हायची होती. त्याआधी १६ फेब्रुवारीला महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांची तंबाखूची सवय सर्वज्ञात होती. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, संसदेच्या दुय्यम विधी समितीचे अध्यक्ष असलेले अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास नसल्याचे विधान केले. पुणे जिल्ह्यातील लाखभर माणसांची तपासणी प्रसिद्ध होऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. अहमदनगर हे विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे शहर होते आणि त्यांच्या रोजगाराची काळजी खोटी नव्हती, पण तिच्यासाठी शास्त्र नाकारण्याची गरज नव्हती. समितीच्या शिफारशीवरून अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. सरकारी तंबाखूविरोधी जाहिरातीतील रुग्ण सुनीता तोमर यांनी याविरुद्ध पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. १ एप्रिललाच त्यांचा मृत्यू झाला. समितीने पुढे ५० टक्क्यांची शिफारस केली. अखेर १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम अमलात आला.

सरकारशी संवाद साधणाऱ्या संस्थांनाही किंमत मोजावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये गृह मंत्रालयाने पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाची परदेशी देणग्या घेण्याची परवानगी रद्द केली. तंबाखू नियंत्रणासाठी खासदार आणि माध्यमे यांच्याकडे केलेला पाठपुरावा हा त्यामागच्या आक्षेपांपैकी एक होता. उद्योगाने मंत्र्याला भेटणे हे व्यापाराचे काम आणि आरोग्यसंस्थेने भेटणे हे आक्षेपार्ह, असा फरक कायद्यात लिहिलेला नाही. पण परदेशी निधीच्या नियमांतून तो प्रत्यक्षात उतरला.

विदर्भात प्रश्न पुडीचा नसून खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून टपरीवरच तयार होणाऱ्या या मिश्रणाला कारखाना नाही, छाप नाही आणि छापील वेष्टनही नाही, त्यामुळे ८५ टक्क्यांचा इशारा छापायला जागाही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ उपक्रम सुरू केला. या जिल्ह्याने दारूबंदीसाठी १९९३ मध्ये यशस्वी आंदोलन केले होते. तीच रीत तंबाखूला लावण्यात आली: गावोगावी मुक्तिपथ समित्या, ग्रामसभेचे ठराव, खर्राविक्री बंद करण्यासाठी महिलांचा पुढाकार, शाळा व कचेऱ्या तंबाखूमुक्त ठेवणे आणि सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचार. २०१६–१७ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या दुसऱ्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले होते. धूम्रपान ३.८ टक्क्यांपर्यंत उतरले होते. चघळणाऱ्यांचा आकडा मात्र २४.४ टक्के होता.